मोळीचे ओझे



गेल्या पावसाळ्यात या सदरात आम्ही खानापूर-जांबोटीकडील रानाविषयी चार शब्द लिहिले होते. त्यावर आमच्या एका जुन्या वाचक-भगिनींचे पत्र आले. पत्र मोठे जिव्हाळ्याचे. परंतु त्यातील एक वाक्य आमच्या मनात काट्यासारखे रुतून बसले. त्या लिहितात, “आपण रानाविषयी कितीही लिहा, डोक्यावर मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका आहेत तोवर रान काही राहावयाचे नाही. आता घरोघर गॅस पोहोचला, तरी यांच्या चुली विझत नाहीत.”

या वाक्याला दोन ओळींचे उत्तर देणे अवघड नव्हते. परंतु लिहावयास बसलो आणि आमच्याच घरातील एक जुनी आठवण आडवी आली. म्हणून पत्रोत्तराऐवजी हा लेख.

ही गोष्ट १९६० च्या सुमाराची. आम्ही तेव्हा सातआठ वर्षांचे असू. बेळगावातील आमच्या घरी माणसे बारा, आणि आल्यागेल्याला धरून पंक्तीला पाने पंधरा. स्वयंपाकघरात दोन चुली, त्यांपैकी एकीला वैल. न्हाणीघरात चुलवण आणि त्यावर पहाटेपासून चढलेला तांब्याचा हंडा. पावसाळ्याची बेगमी म्हणून वखारीतून गाडीभर लाकूड येई व परसातील छपराखाली रचले जाई. त्याखेरीज आठवड्यातून दोनदा एक बाई मोळी घेऊन दारात येई. तिचे गाव घाटाकडचे. कोंबडा आरवण्यापूर्वी निघाली म्हणजे ऊन तापता तापता ती आमच्या ओसरीशी पोहोचे.

“काय गं, आजही ओलीच आणलीस ना?” आजी म्हणे.

“न्हाई आक्का, हातात घेऊन बघा की. खडखडीत वाळलेली हाईत.”

मग चार आण्यांची घासाघीस सुरू होई. आमची आजी कठोर होती असे नव्हे. ती त्या बाईला गूळपाणी देई, भाकरी देई, सणावाराला पोरांसाठी पुरणपोळीही बांधून देई. परंतु त्या चार आण्यांवर तिने कधी पाणी सोडले नाही, आणि आम्हा मुलांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. मोळी उतरवल्यावर ती बाई डोक्यावरची चुंबळ काढून माथा हाताने चोळी. तिच्या माथ्यावरचे केस मधोमध विरळ झालेले होते. साठ वर्षे उलटून गेली, तरी ते विरळ केस आम्हाला आजही दिसतात.

आणि ती मोळी जाई कोठे? स्वयंपाकाला वखारीचे चांगले लाकूड लागे. मोळीतील काटक्या-फाटे जात हंड्याखाली, बारा माणसांच्या अंघोळीला. घाटातून डोक्यावरून उतरलेले ते ओझे आमच्या अंगावरून कढत पाणी होऊन मोरीतून वाहून जात असे. रान कोणी खाल्ले, असा प्रश्न आमच्या भगिनींनी केला आहे. त्याचे उत्तर देताना आम्हाला प्रथम आमच्या न्हाणीघरापासून आरंभ करावा लागतो.

आता थोडे चुलीच्या पोटात डोकावून पाहू. तीन दगडांची किंवा मातीची साधी चूल घेतली, तर तिच्यातील उष्णतेपैकी जेमतेम दहा ते पंधरा टक्के भांड्याला पोहोचते, असे या विषयाच्या अभ्यासकांचे साधारण मोजमाप आहे. म्हणजे दहा फाटी जाळली तर एकदीड फाट्यावर भात शिजतो. उरलेली जातात कोठे? चुलीचे तोंड मोठे, म्हणून नको तेवढा गार वारा आत शिरतो आणि जाळ थंड करतो. भांडे आणि जाळ यांत अंतर राहते, म्हणून ज्वाळा भांड्याला नुसती चाटून बाजूने निघून जाते. चुलीची जाड माती आधी आपणच तापून घेते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धूर. धूर हा जळण संपल्यावर उरलेला केर आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः धूर म्हणजे न जळता पळून गेलेले जळणच होय. फाटे तापले की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात. त्यांना पुरेशी आच व योग्य ठिकाणी हवा मिळाली तर त्यांची ज्वाळा होते, न मिळाली तर ते डोळ्यांत पाणी आणून आढ्याकडे जातात. स्वयंपाकघराच्या तुळयांवर धरलेले काजळ हे एका परीने वाया गेलेल्या मोळ्यांचे जमाखर्चाचे पानच असते.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. चुलीचा वैल हा कशासाठी? पुढच्या भांड्याखालून निसटलेली आच मागच्या भांड्याला लागावी, आमटी उकळेतो शेजारी दूध तापावे, यासाठीच ना? आणि तांब्याचा बंब पाहा. मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी. आच बाहेर पडू म्हणेल तर तिला चोहोकडून पाणीच भेटते. सुधारलेल्या चुलीची सगळी तत्त्वे या दोन वस्तूंत आली. विज्ञानाने पुढे केले ते एवढेच, की मोजमाप केले, जाळाखाली जाळी बसवली, भांड्याची बैठक घट्ट केली आणि धुराला धुराड्याची वाट करून दिली.

या प्रयत्नांचा इतिहास मोठा आहे, आणि त्यातील काही पाने आपल्याच लोकांच्या शेजारी लिहिली गेली. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यातून ‘मगन चूल’ निघाली. हैदराबादेत, जेथे आपले अनेक वाचक पिढ्यान्‌पिढ्या राहात आहेत, डॉ. एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकात धूरविरहित स्वयंपाकघराचा पुरस्कार केला आणि धुराडे असलेल्या चुलीची रचना लोकांपुढे मांडली. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली डॉ. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागासाठी विज्ञानाचा उपयोग करणारे ‘अस्त्र’ हे केंद्र निघाले. त्या केंद्राने तयार केलेली तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ कर्नाटकातील पुष्कळ खेड्यांतून बसली. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल, हे आम्हा सीमाभागातील मंडळींना सांगावयास नको.

चूल बांधण्यापूर्वी त्या शास्त्रज्ञांनी केलेले एक काम आम्हाला चुलीहूनही मोलाचे वाटते. तुमकूर जिल्ह्यातील पुरा नावाच्या लहानशा खेड्यात १९७७ च्या सुमारास त्यांनी घरोघर हिंडून जळणाचा हिशेब मांडला. एका घराला दिवसाकाठी सुमारे दहा किलो लाकूड लागे. ते गोळा करण्यासाठी रोज अडीच तासांहून अधिक वेळ आणि जवळजवळ पाच किलोमीटर चाल. या कष्टांत बायका आणि मुले यांचा वाटा मोठा. आणि हे लाकूड कसले? उभी झाडे पाडून आणलेले नव्हे. बहुतेक वाळलेल्या काटक्या, गळालेल्या फांद्या, कुंपणाचे शिरपे. खेड्यातली बाई रानातून उचलते ते बहुधा रानानेच टाकलेले असते. तिला कोयत्याने तुटेल आणि डोक्यावर पेलेल तेवढेच तिचे रान. शहरातील वखारीला मात्र काटक्या चालत नाहीत; तिला ओंडके लागतात, ते लॉरीने येतात, आणि ओंडक्यासाठी झाड पाडावे लागते.

याचा अर्थ मोळीने रानाची हानी होतच नाही असा नव्हे. गावाजवळचे रान विरळ झाले, वाळलेले संपले, म्हणजे बाईचा कोयता ओल्या फांदीकडे वळतो. रोपटे वाढण्यापूर्वीच तुटते, पालापाचोळा उचलला गेल्याने जमिनीचा कस जातो. मोळी विकूनच ज्यांचे घर चालते, त्यांची ओढ तर अधिकच. हे सारे खरे आहे. परंतु रान आधी विरळ कोणी केले, हा प्रश्न तरीही उरतोच.

आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्याने हा प्रश्न मोठ्याने विचारला. ८ सप्टेंबर १९८३ रोजी शिरसी तालुक्यातील सालकणीच्या बायका-पुरुषांनी ठेकेदाराच्या कुऱ्हाडीपुढे झाडांना मिठ्या मारल्या. हिमालयातील ‘चिपको’ची ही दक्षिणेतील बहीण ‘अप्पिको’ या नावाने ओळखली जाते. पांडुरंग हेगडे हे तिच्यातील प्रमुख कार्यकर्ते. या लोकांचा रोख व्यापारी तोडीवर आणि मिश्र रान काढून एकाच जातीची झाडे लावण्यावर होता. याच जिल्ह्यातील बांबूविषयी डॉ. माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवले आहे, की कागदाच्या गिरणीला तो सरकारकडून टनामागे दीड रुपया अशा नाममात्र दराने मिळत असे, तर सुपे-टोपल्या विणून पोट भरणाऱ्या बुरुडांना त्याच बांबूसाठी बाजारात कित्येक पटींनी अधिक मोजावे लागे. जेथे बांबूचा भाव असा ठरतो, तेथे रानाच्या नाशाचे खापर मोळीवालीच्या माथ्यावर फोडणे आम्हाला न्यायाचे वाटत नाही. तिच्या माथ्यावर ओझे आधीच पुष्कळ आहे.

तथापि अप्पिकोचे लोक नुसता दुसऱ्याकडे बोट दाखवून थांबले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. ‘उळिसु, बेळेसु, बळसु’, म्हणजे राखा, वाढवा आणि जपून वापरा, अशी तीन पदांची त्यांची शिकवण. तिसऱ्या पदासाठी त्यांनी घरोघर सुधारलेल्या चुली बांधण्याचे काम हाती घेतले. या चुलींनी जळणात जवळजवळ चाळीस टक्के बचत होते, असा त्या कार्यकर्त्यांचा अनुभव. दहा किलोच्या जागी सहा किलो, म्हणजे जवळजवळ दर दुसऱ्या दिवशी एक खेप वाचली. रानाच्या दृष्टीने ही बचत किती, ते वनशास्त्रज्ञ सांगतील. त्या बाईच्या दृष्टीने मात्र हा अर्धा दिवस होय.

मग एवढी गुणाची वस्तू घरोघर का नांदली नाही? केंद्र सरकारने १९८३ च्या अखेरीस सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्या काळात देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या. कागदावर हा आकडा डोळे दिपवणारा आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी वर्षा-दोन वर्षांत धुराडे काजळीने तुंबले, बैठक ढासळली, आणि चूल पुन्हा तीन दगडांवर आली. ओडिशातील खेड्यांत काही अर्थशास्त्रज्ञांनी अशा चुलींचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेतला. त्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी बाईच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला; पुढे तो फरक उरला नाही, आणि जळणातही बचत दिसली नाही. चूल वाईट होती म्हणून नव्हे, तर ती नियमाने वापरली गेली नाही आणि तिची डागडुजी झाली नाही म्हणून.

याचे कारण आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस खानापूरच्या बाजूच्या एका खेड्यात नव्या चुलीचे प्रात्यक्षिक होते. साहेब जीपमधून आले. चूल बांधून तयार होती. पाणी किती मिनिटांत उकळते ते घड्याळ लावून दाखवले गेले, पुरुषमंडळींनी टाळ्या वाजवल्या. मागे दाराशी पदर खोचून उभी असलेली एक पोक्त बाई हळूच म्हणाली, “साहेब, चूल झ्याक हाय. पन भाकरी कुठं उभी करू?”

साहेबांना प्रश्नच कळला नाही. आम्हाला कळला. आपल्याकडे भाकरी तव्यावर एका अंगाने भाजून झाली की चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करून शेकतात. तेव्हा तिला पापुद्रा सुटतो. नव्या चुलीचे तोंड अरुंद, झाकणाचे. तेथे भाकरीला उभे राहावयास जागा नव्हती. भाकरी न फुगणारी चूल या मुलखात कोण ठेवील? पुढे त्याच गावच्या एका गवंड्याने तोंड थोडे रुंद करून पुढे सरकती फरशी बसवली. भात-आमटीला फरशी लावावयाची, भाकरीला काढावयाची. बचत थोडी घटली असेल. पण ती चूल वापरात राहिली. खानापूर तर मातीकामासाठी नावाजलेले, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था तेथे आहे. मातीचे ज्ञान असलेले हात गावात होते, भाकरीचे ज्ञान असलेले हातही होते. कमी होती ती फक्त त्यांना आधी विचारण्याची.

अशा कितीतरी गोष्टी वरून दिसत नाहीत. धुराने छपराला वाळवी लागत नाही, आढ्याला टांगलेल्या बियाणाच्या कणसांना कीड लागत नाही, पावसाळ्यात ओले कपडे चुलीवरच वाळतात, रात्री तिचाच उजेड आणि तिचीच ऊब. चूल म्हणजे नुसते भांडे तापवण्याचे यंत्र नव्हे, हे न ओळखता केलेली सुधारणा टिकत नाही. अर्थात या सोयींसाठी मोजावी लागणारी किंमतही लहान नाही. घरातील धुरामुळे होणाऱ्या विकारांनी २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आमच्या आजीचा हिवाळ्यातील खोकला आम्ही ‘वयाचा’ समजत होतो. आता वाटते, तो चुलीचाही असावा.

आता गॅसविषयी. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजनेला आरंभ झाला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट पुरे झाल्याची घोषणा तेव्हाच्या औरंगाबादेत करण्यात आली. ही गोष्ट निःसंशय मोठी आहे. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे खेड्यांतील १०० घरांपैकी ४३ घरेच स्वयंपाकाला गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधन वापरत होती. २०२२-२३ मध्येही या योजनेतील घरे वर्षाकाठी सरासरी तीनचार सिलिंडर घेत होती. त्या घरात गॅस नाही असे नव्हे. चहाला, पाहुण्याला, आजारपणाला तो आहे. रोजच्या भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला मात्र मोळीच येते, कारण मोळीला पैसे पडत नाहीत, पडतात ते पाय. म्हणून आमच्या भगिनींना आमचे नम्र सांगणे असे, की ‘गॅस आला तरी चूल विझत नाही’ यात हट्ट शोधू नये, हिशेब शोधावा. आणि जोवर चूल पेटणार आहे, तोवर ती कमी धुराची आणि कमी जळणाची असावी, हा आग्रह सोडून चालणार नाही.

पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली आणि त्यासाठी २००२ साली तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. आपल्या भागात ऊस तुटल्यावर पाचटाला शेतातच काडी लावणारे शेतकरी कमी नाहीत. एका शेतात जळण जळून जाते आणि शेजारच्या वाडीतली बाई जळणासाठी चार कोस चालते, हा विरोध मिटवता येण्याजोगा आहे, याचे हे उदाहरण.

आता आपल्याकडे वळू. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या स्वयंपाकघरात आज चूल असेल. परंतु मंगलकार्याच्या आचाऱ्याची भट्टी, गावाकडच्या घरातील चुलवण, हंड्याखालचा जाळ, ही अजून आपलीच आहेत. तेथे चार गोष्टी करता येतील. लाकूड पावसाळ्यापूर्वी फोडून, बारीक करून, छपराखाली निदान दोन महिने वाळवावे; ओल्या लाकडाची बरीच आच स्वतःचे पाणी उडवण्यातच जाते. भांड्यावर झाकण ठेवावे. डाळ, कडधान्ये भिजवल्याखेरीज चढवू नयेत. उकळी आल्यावर जाळ मागे ओढावा. कढ मोठा असला म्हणून भात लवकर शिजत नाही. हंडा उघड्या चुलवणावर असेल तर त्याऐवजी बंब घ्यावा, आणि अंगणात ऊन असेल तर सौरबंबाचा विचार करावा. गावाकडच्या घरात शेतमजुरीसाठी राहणारे कुटुंब असेल, तर त्यांच्यासाठी चांगली चूल बांधून देण्याचा खर्च मालकाने उचलावा. मात्र ती कशी हवी, ते त्या घरच्या बाईला आधी विचारावे, आणि दर दिवाळीला धुराडे झाडले जाते ना, याची चौकशी करावी.

पत्र लिहिणाऱ्या आमच्या भगिनींवर आम्ही रागावलो आहोत असे त्यांनी मानू नये. त्यांच्या वाक्यामुळेच आम्हाला ती ओसरी, ती घासाघीस आणि ते चार आणे आठवले. रान राखावयाचे तर रानात जाणाऱ्या बाईला वैरी धरून चालणार नाही. ते रान तिच्याइतके जवळून कोणी पाहात नाही. कोणते झाड वठले, कोणता ओढा लवकर आटला, हे प्रथम तिलाच कळते. तिच्या डोक्यावरचे ओझे हलके झाले, तर रानावरचेही काही अंशी होईल.

आजी गेली त्याला कितीतरी वर्षे झाली. न्हाणीघरातले चुलवण पाडून तेथे फरशी घातली, तेव्हा खालची माती हातभर खोल करपून काळी झालेली निघाली. गवंडी म्हणाला, “किती लाकूड जाळलं असंल हो हितं!” आम्ही काहीच बोललो नाही. तो हिशेब आम्ही आज प्रथमच, आपल्या साक्षीने, मांडला आहे.